वजन पाहावे की बारीकपणा?

प्रश्न : संगमनेरी शेळ्यांना अंगोरा बोकड दाखवला. पहिल्या पिढीची लोकर राठ निघाली. पुढचा बोकड लोकरीच्या वजनावर निवडू का? (एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : नुसत्या वजनावर नको. वजन आणि तंतूची जाडी जोडीने वाढतात. भारी लोकरीचे बोकड निवडत गेलात तर काही पिढ्यांत मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) जाड होते आणि भाव पडतो. दीड वर्षाच्या सुमारास, एकाच कातरणीला सर्व नर तोला. शेवटच्या बरगडीवर, पोट आणि पाठ यांच्या मधोमध, कातडीलगत बट कापून जाडी तपासून घ्या. करडाचा तंतू साधारण 24 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), प्रौढाचा 36च्या पुढे, म्हणून वेगळ्या वयाच्या जनावरांची तुलना फसवी. जुळ्यातला नर मागे दिसतो, खुराकावर पोसलेला उगाच पुढे. सगळ्यांना चारा सारखाच हवा.

तुमच्या लोकरीचा राठपणा मुख्यतः केम्प नावाच्या राठ केसांचा आहे. मांडी आणि पाठकण्यावरची लोकर बोटांनी फाकवा : खडूसारखे पांढरे, आखूड, ठिसूळ केस दिसतील. त्यांच्यात रंग नीट उठत नाही. असा नर, वजन कितीही असो, खच्ची करा. काळ्या-तपकिरी केसांचाही, कारण संगमनेरीत रंग मिसळलेले असतात.

पहिल्या पिढीचे नर-मादी आपसात लावू नका. माद्यांना पुन्हा शुद्ध अंगोराच द्या, पण त्यांचा बाप नको. 75 टक्के अंगोरा रक्ताला लोकर सुधारते, खरी मोहेर बहुधा 87.5 टक्क्यांनंतर.