दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये वेगळी कशी करतात?

प्रश्न : पाणी मृदू करणाऱ्या राळेसारख्याच राळेने दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये वेगळी होतात, ती कशी?
— एक शिक्षिका, फोंडा, गोवा

उत्तर : ही मूलद्रव्ये सख्ख्या भावंडांसारखी असून त्यांचे आयन बहुधा त्रिभारितच (+३ विद्युतभाराचे) असतात, मात्र मालिकेतील पहिल्या लँथॅनमपासून शेवटच्या ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटरवरून ८६ पर्यंत घटते. स्तंभात, म्हणजे उभ्या नळीत, भरलेल्या राळेने धरलेल्या आयनांवरून सायट्रेटचे (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचे) द्रावण सावकाश सोडले, की लहान आयन त्याच्याशी अधिक घट्ट बांधले जातात आणि स्तंभातून आधी बाहेर पडतात. म्हणून ल्युटेशियम प्रथम, लँथॅनम शेवटी. राळ आणि द्रावण यांच्यातील आयनांच्या एका देवाणघेवाणीत फरक नगण्य असतो, पण ती स्तंभभर असंख्य वेळा घडते, आणि मला यातच या पद्धतीचे सौंदर्य दिसते. याच गटातील प्रोमेथियमची ओळख १९४५ मध्ये याच मार्गाने पटली. मोठ्या उत्पादनासाठी आता द्रावक-निष्कर्षण (एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांत विभागून वेगळे करणे) वापरतात.