सामाईक विहिरीच्या पाळीवरून भावकीत बोलणं बंद झालंय, कसं मिटवायचं?

तुमचं कर्नाटकातल्या निपाणीकडचं रान, थोरल्या घराचा ऊस, धाकट्याची भाजी, आणि दोघांनाही दिवसाच्याच थ्री फेज विजेवर मोटर हवी. एक दिवसाआड पाळी ठरली होती, ती मोडली. मोडणारच होती.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंनी १९२५ च्या सुमारास वाद मिटण्याच्या तीन वाटा मांडल्या: एकाने दाबायचं, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा दोघांची खरी गरज बसेल अशी नवी मांडणी करायची. दुसऱ्या वाटेत वाद पुन्हा उकरला जातो, असं त्यांचं म्हणणं. तुमची एक दिवसाआड पाळी नेमकी तीच.

गरज बघा. उसाला पाणी भरपूर लागतं, पण दिवसांच्या अंतराने दिलं तरी भागतं. भाजीला थोडंच, पण वरचेवर. मग वीज आली की पहिला तास भाजीला, उरलेला उसाला, असं करून बघा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा बसा. मोटरच्या दुरुस्तीचा खर्चही तेव्हाच ठरवा, अर्धी भांडणं तिथूनच निघतात.

मध्यस्थ म्हणून पंचायत सदस्य नको, त्याला निवडणूक असते! दोन्ही घरी जेवणारी आत्या बरी.

कोर्टात गेलंच असेल तर लोकअदालत मागा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून कन्नड कागद मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.