फेरेटला कच्च्या मांसावर आणायचंय, पण उपाशी ठेवून नव्हे

ताई, तुम्ही बेळगावजवळच्या खानापुरातून विचारलंय ते थोडक्यात असं: घरात दोन फेरेट (मुंगसासारखा दिसणारा, मांस खाणारा छोटा पाळीव प्राणी) आहेत, नर चार वर्षांचा आणि मादी दीड वर्षाची. दोघं पहिल्यापासून मांजराच्या सुक्या दाण्यांवर वाढलेत. कच्चं चिकन पुढं ठेवलं तर हुंगून निघून गेले. कुणीतरी सांगितलं, "एक दिवस उपाशी ठेवा, मग बरोबर खातात." ते करावं का, मांस कुठलं आणि किती घालावं, आणि श्रावण तोंडावर आलाय तर सासूबाईंच्या फ्रिजचं काय करायचं.

उपाशी ठेवू नका. एक दिवस तर नाहीच, अर्धा दिवससुद्धा नाही. हे मी पुस्तकी सांगत नाही, माझ्या हातून ही चूक झालेली आहे.

माझा पहिला नर, आम्ही त्याला बाळ्या म्हणायचो, तेव्हा साडेचार वर्षांचा होता. मलाही असाच सल्ला मिळाला होता. रात्री दाण्याची वाटी उचलली, सकाळी कोंबडीचा पंख ठेवला. त्यानं तोंड लावलं नाही. मी म्हटलं, भूक लागली की खाईल. दुपारी तीनच्या सुमाराला बघतो तर बाळ्या पडवीत भिंतीकडं तोंड करून बसलेला. हाक मारली तर मान वळेना. उचलून खाली ठेवला तर मागचे पाय फरशीवर घसरत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि पुढच्या पंजांनी तो तोंड खरवडत होता, जणू दाढेत काही अडकलंय. मला वाटलं हाडच अडकलं. पण हाड खाल्लं होतं कुणी! बायकोनं बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला, दहा मिनिटांत तो उभा राहिला. डॉक्टरांकडं नेलं तेव्हा, मध पोटात जाऊनसुद्धा, रक्तातली साखर 52 होती. निरोगी फेरेटची साधारण 90 ते 120 असते. पुढं निदान झालं ते इन्सुलिनोमाचं, म्हणजे स्वादुपिंडातल्या लहान गाठी, ज्या गरज नसताना इन्सुलिन सोडत राहतात. तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये हा आजार भरपूर दिसतो आणि सुरुवातीला बाहेरून काही कळत नाही.

तुमचा नर नेमका त्याच वयाचा आहे. म्हणून बदल सुरू करायच्या आधी त्याची साखर तपासून घ्या. आपल्याकडचे बरेचसे जनावरांचे डॉक्टर गुरं आणि कुत्री बघणारे, फेरेट त्यांनी हातात घेतलेला नसतो. पण साखर मोजायला रक्ताचा थेंब पुरतो. किती तास उपाशी न्यायचं ते त्यांनाच विचारा, आपल्या मनानं रात्रभर ठेवू नका.

भुकेचं इतकं का, तर फेरेटचं आतडं फार आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. त्याला अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, नाही, त्यामुळं धान्य, भाजीचा चोथा त्याच्या अंगी लागत नाही. दिवसात आठ-दहा वेळा थोडं थोडं खाणारा हा प्राणी आहे. आणि तो चिकन का नाकारतो, तर हट्टानं नव्हे. पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खाल्लं तेवढंच त्याच्या लेखी अन्न. दाण्यावर वाढलेल्या फेरेटला कोंबडीचा तुकडा आणि तुमची चप्पल यात खाण्याच्या दृष्टीनं फरक नसतो. आपल्याला त्याला हा वास अन्नाचा आहे हे शिकवायचंय. माझ्या अनुभवात लहान मादीला दोन-तीन आठवडे लागतात, मोठ्या नराला सहा-आठसुद्धा.

मी करतो ते सांगतो. दाण्याची वाटी कायम भरलेली. त्याशिवाय रोज दोनदा बोटावरचा घास. कोंबडीच्या मांड्यांचा बिनहाडाचा खिमा घ्यायचा, त्यात कोमट पाणी घालून ताकासारखा पातळ करायचा, वर दाण्यांचं पीठ भुरभुरायचं. कोमट म्हणजे मनगटावर टाकलं तर जाणवू नये इतकंच. फ्रिजमधलं थंड मांस वास सोडत नाही, म्हणून निम्मे फेरेट ते ओळखतच नाहीत. बोट बुडवून त्याच्या ओठाला लावायचं. पहिल्या दिवशी तो तोंड पुसेल, पाय आपटत निघून जाईल. जाऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी पुसताना जीभ फिरते, आणि एक दिवस तो तुमचं बोट धरून चाटायला लागतो. तिथून बोट हळूहळू वाटीकडं न्यायचं. वाटीतलं खायला लागला की पाणी कमी, तुकडे मोठे, आणि मग पंखाचं टोक चेचून. हाड चेचायला मी जुना वरवंटा वेगळा ठेवलाय. मिक्सरमध्ये घालू नका, पातं जातं.

दाणे कमी करायचे ते सगळ्यात शेवटी, आणि वजनाचा काटा समोर ठेवून. किराण्याच्या डिजिटल काट्यावर टोपलीत बसवून दर रविवारी वजन लिहा. किलोभराच्या नराचं आठवड्यात 50 ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर थांबा, मागच्या पायरीवर या.

आता काय घालायचं. बिनहाडाचं चिकन ही सगळ्यात सर्रास चूक. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. महिनोन्‌महिने नुसतं तेच घातलं तर शरीर स्वतःच्या हाडातलं कॅल्शियम काढून घेतं. सुरुवातीचे आठवडे दाणे चालू असतात म्हणून बिनहाडाचा खिमा चालतो, पुढं नाही. दुसरी चूक आपल्या भागातली खास. चिकनच्या दुकानात कलेजी-पेटा स्वस्त मिळतो आणि "जनावरालाच घालायचंय नव्हं, ह्योच न्या" म्हणून पिशवीत पडतो. पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटाची पिशवी, चांगला, तो मांसातच धरायचा. पण कलेजी रोज भरपूर गेली तर अ जीवनसत्त्व साठत जाऊन हाडं आणि सांधे धरतात. कलेजी शंभरात पाच भाग, बास.

माझ्या दोघांचा एका आठवड्याचा एक किलोचा हिशेब असा आहे: पंख हाडासकट 250 ग्रॅम, मांडीचं मांस आणि पेटा मिळून 500, कोंबडीची दिलं (हृदयं) 150, कलेजी 50, आणि बकऱ्याचा गुर्दा किंवा तिल्ली 50. पंखात जवळपास निम्मं हाड असतं, म्हणजे एकूण हाड दहा-अकरा टक्क्यांवर येतं. दिलं एवढी का, तर त्यात टॉरिन नावाचं पोषकद्रव्य भरपूर असतं आणि ते हृदयाच्या स्नायूला आणि डोळ्यांना लागतं. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून गोठवलेलं मांस वितळताना सुटलेलं लालसर पाणी फेकू नका, त्यातच कालवा. बेळगावच्या शहापुरात मी ज्यांच्याकडं घेतो त्यांना आदल्या दिवशी फोन केला की ते कलेजीसोबतची दिलं वेगळी काढून ठेवतात. माझा 1100 ग्रॅमचा नर दिवसाला 90 ग्रॅमच्या आसपास खातो, 700 ग्रॅमची मादी 60. थंडीत दोघंही जास्त खातात आणि अंगानं भरतात, ते नैसर्गिक आहे.

हाडासाठी ब्रॉयलरच घ्या. सहा आठवड्यांच्या आत कापलेला पक्षी, त्याचं हाड फेरेटच्या दाताला झेपतं. गावरान कोंबडीचं मांस उत्तम, पण हाड कडक, आणि बकऱ्याचं हाड तर नकोच. शिजवलेलं हाड कधीही नाही, ते टोकदार फुटतं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही लावायचं नाही. गोव्याकडून येणारी तारली स्वस्त दिसते, पण कच्ची घालू नका. तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) ब1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. कच्चं डुकराचं मांस टाळा. आणि घरात धरलेला उंदीर कितीही नैसर्गिक वाटला तरी नको, त्यानं कुणाच्या तरी घरचं विष खाल्लेलं असू शकतं.

शी बदलेल. पहिल्या आठवड्यात थोडी हिरवट, चिकट असली आणि फेरेट खेळत असेल तर घाबरू नका. नंतर ती कमी, घट्ट आणि बऱ्याच कमी वासाची होते. डांबरासारखी काळी आणि चिकट दिसली तर मात्र पोटात रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर.

एक गोष्ट मी हल्ली फार गंभीरपणे घेतो, बर्ड फ्लू. फेरेटला फ्लू सहज होतो. 1933 साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो फेरेटमध्येच, त्यामुळं तुम्हाला सर्दी-ताप असेल तेव्हाही तोंडाला मास्क लावून घास द्या. 2025 च्या सुरुवातीला आपल्या कर्नाटकात बळ्ळारी आणि चिक्कबळ्ळापूर भागात कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता. अशी बातमी आली की मी त्या दिवसापासून कच्चं चिकन बंद करतो, आणि लोक सांगतात तसं "फ्रीझरमध्ये ठेवलं की मरतं" यावर विसंबत नाही. गोठवल्यानं हा विषाणू मरत नाही, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतूही नाही. शिजवल्यानं मरतो. त्या काळात चिकन बिनहाडाचं पूर्ण शिजवायचं, आणि कॅल्शियमसाठी उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाची बारीक पूड, अर्ध्या किलोला अर्धा चमचा. हेच तंत्र घरात रांगणारं मूल किंवा गरोदर बाई असेल तर कायमचं वापरलं तरी मी चूक म्हणणार नाही.

आता श्रावण. माझ्या आईच्या हयातीत आमच्याकडंही सोमवारी अंडंसुद्धा चालत नसे, आणि शेजार जैनांचा. मी भांडण केलं नाही. एक जुना छोटा फ्रीझर घेतला आणि मागच्या पडवीत ठेवला. वरवंटा, सुरी, फळी, वाट्या सगळं तिथंच, धुणं मागच्या नळावर. स्वयंपाकघरात त्यातलं काही जात नाही. सासूबाईंना आधी विचारा आणि जागा त्यांनाच निवडू द्या, आमच्याकडं त्यानंच प्रश्न मिटला. महिन्याचं मांस एकदम आणून एका दिवसाच्या लहान पुड्या करा, कारण गणेश चतुर्थी, महावीर जयंती, गांधी जयंतीला दुकानं बंद असतात. पावसात तुमच्याकडं लाइट जास्त जाते, म्हणून फ्रीझर भरलेला ठेवा, मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा. मी एका वाटीत बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवलंय. नाणं बुडलेलं दिसलं की समजायचं, मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं, ते मांस टाकायचं.

मांसाची वाटी अर्ध्या तासानं उचला, चैत्र-वैशाखात वीस मिनिटांनी. आणि रोज रात्री कपाटामागं, गादीखाली हात घालून बघा. फेरेट खाण्याचा साठा करतो. दाणे लपवले तर काही बिघडत नव्हतं, मांस लपवलं तर सकाळी मुंग्यांची रांग त्याच्याकडंच जाते. माझी मादी गेले वर्षभर एकच जागा वापरते, देवघराच्या चौरंगाखालची, त्यामुळं तिला मी आता पिंजऱ्याबाहेर खाऊच देत नाही.

नरानं दोन महिने प्रयत्न करूनही मांस धरलं नाही, किंवा त्याची साखर कमी निघाली, तर त्याला दाण्यावरच राहू द्या. फक्त दाणे बदला. पिशवीवर पहिल्या दोन-तीन नावांत मका, तांदूळ, वाटाणा असेल ती पिशवी नको, वनस्पतीच्या प्रथिनांनी लघवीत खडे होतात. मादी वयानं लहान आहे, तिच्यापासून सुरुवात करा. माझ्या मादीला खाताना बघून माझ्याकडच्या एका म्हाताऱ्या नरानं आपणहून वाटीत तोंड घातलं होतं.