आमचे मंगळागौरीचे मंडळ धर्मादाय कामासाठी निधी कसा उभारू शकेल?

आपल्या गावातील बारा-पंधरा जणींचे मंडळ मंगळागौरीचे जुने खेळ जपते, मंडळाची नोंदणी झालेली नाही आणि या खेळांतून गरजू मुलींच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे आहेत, असे आपण लिहिले आहे. मी स्वतः अशा मंडळात नऊ वर्षे खेळते आहे. माझे उत्तर थोडक्यात असे, की वर्गणी मागू नका, खेळाचे मानधन घ्या, आणि ते मंडळाच्या हाती न येता थेट शैक्षणिक संस्थेकडे जाईल अशी व्यवस्था करा.

वर्गणी मागण्यात कमीपणा मुळीच नाही. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी तेथील कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले निधी गोळा करीत गावोगाव फिरल्या होत्याच. परंतु त्यांच्यामागे एक संस्था उभी होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी जमवायची असल्यास, गणेशोत्सव मंडळे घेतात तशी, कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते.

पहिल्या वर्षी आम्ही मानधन (आपसात आम्ही त्याला सुपारीच म्हणतो) एकीच्या घरच्या डब्यात ठेवले. त्याच डब्यातून गजरे, टेंपोचे भाडे आणि ढोलकीवाल्याचे पैसे जात राहिले, आणि श्रावण संपल्यावर मुलींसाठी नेमके किती उरले यावरून दोघी-तिघींमध्ये कटुता आली. कोणी खाल्ले नव्हते, हिशेबच नव्हता. तेव्हापासून आम्ही यजमानांना दोन रकमा वेगवेगळ्या सांगतो. प्रवास व वादकांचा खर्च मंडळाला द्यावा आणि मानधनाचा धनादेश आम्ही निवडलेल्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने काढावा. संस्थेची पावती यजमानांच्याच नावे निघते आणि संस्थेकडे आयकर कायद्याखालील ‘८० जी’ची (देणगीवरील करसवलतीची) मान्यता असेल, तर करसवलतीचा विचारही त्यांना करता येतो. आपण मात्र त्या संस्थेचे नोंदणीपत्र आणि मान्यतापत्र स्वतः पाहून घ्यावे.

श्रावणात मंगळवार चार किंवा पाचच येतात, म्हणून केवळ त्यांवर विसंबून चालणार नाही. हल्ली सोसायट्या शनिवार-रविवारी कार्यक्रम ठेवतात. शिवाय नवरात्रातील भोंडला, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि डोहाळजेवण येथेही बोलावणी येतात. दोन तासांच्या कार्यक्रमात झिम्मा, फुगडी, पिंगा, ‘नाच गो घुमा’, सूप नाचवणे असे खेळ आलटून पालटून ठेवावेत आणि अधूनमधून बैठे खेळ घ्यावेत, कारण गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना तेच झेपतात आणि गाण्यांची जुनी कडवी बहुधा त्यांनाच पाठ असतात.