शेवाळाचे जीन्स शिकून पोरगी पुढे काय करणार? एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. पोरगी नागपुरातच बीएस्सी बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आता म्हणते हिरव्या शेवाळातले उजेड पकडणाऱ्या प्रोटीनचे जीन्स आणि त्यांची उत्क्रांती यावरच काम करायचं, आणि घरचे म्हणतात बीएड करून मोकळी हो. तुम्ही विचारता यात पोट भरतं का, की फुटाळा तलावाच्या काठावर नुसत्या बाटल्या भरत बसायचं.

ताई, आधी विषय समजून घ्या, तिला तो का आवडला ते कळेल. क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शेवाळ आहे, त्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा पूर्ण संच, २००७ मध्ये छापून आला. त्यात उजेड पकडणाऱ्या प्रोटीनच्या एकट्या एलएचसीबीएम गटाचेच ९ जीन्स, म्हणजे जुन्या एका जीनच्या कॉप्यांवर कॉप्या होत गेल्या आणि काहींनी हळूहळू वेगळं काम धरलं. या सगळ्या घराण्याचं मूळ सायनोबॅक्टेरियातल्या, म्हणजे उजेडावर जगणाऱ्या जिवाणूंतल्या, एका चिमुकल्या प्रोटीनमध्ये आहे असं मानतात, आणि गंमत म्हणजे त्या प्रोटीनचं काम उजेड गोळा करणं नाहीच, जास्तीच्या उजेडापासून पेशीला वाचवणं आहे!

शेवाळात आजही याच घराण्यातलं एलएचसीएसआर३ नावाचं प्रोटीन हेच करतं, ऊन वाढलं की ते जास्त बनतं आणि नको असलेली ऊर्जा उष्णता करून सोडून देतं, कुकरच्या शिट्टीसारखं. मॉसमध्ये, म्हणजे ओल्या भिंतीवरच्या हिरव्या मखमलीत, एलएचसीएसआरही आहे आणि याच कामाचं पीएसबीएस नावाचं दुसरं प्रोटीनही, पण फुलझाडांच्या वंशात एलएचसीएसआर गेलं आणि पीएसबीएस राहिलं. काटोलचं संत्र्याचं झाड मे महिन्याच्या उन्हात त्याच्याच भरवशावर उभं असतं. २०१६ मध्ये तंबाखूत पीएसबीएससकट तीन जीन्स वाढवले तर शेतात झाडांची वाढ साधारण १५ टक्के जास्त झाली, मग तेच सोयाबीनवरही करून पाहिलं. सोयाबीन म्हणजे आपल्या विदर्भाचा जीव की प्राण, त्यामुळे हा विषय बिनकामाचा आहे असं कृपा करून तिला म्हणू नका.

आता पैशाचं. लगेच नोकरी नाही, हे खरंच आहे. एमएस्सी, मग नेटची परीक्षा, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं (एचआरए), पीएचडीला पाच वर्षं धरून चला. बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जीन्सची माहिती कॉम्प्युटरवर तपासणं, पक्कं झालं तर कंपन्यांमध्येही जागा असतात, म्हणून पायथॉन आणि स्टॅटिस्टिक्स आत्तापासून शिकायला लावा, मला तर हे कॉलेजच्या मार्कांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. बीएड नंतरही करता येतं, ते कुठे पळून जात नाही.

पण नुसत्या ओढीवर ठरवू नका, तिला एक काम द्या. क्लॅमिडोमोनासच्या एलएचसीएसआर३ चा सीक्वेन्स, म्हणजे त्याच्या घटकांचा क्रम, एनसीबीआय या जीन्सच्या वेबसाइटवरून फुकट मिळतो, तो घेऊन तिथल्याच ब्लास्ट या जुळवणीच्या टूलमध्ये मॉस आणि भाताशी जुळवून पाहायचा, भातात जे मिळेल ते खरंच एलएचसीएसआर आहे की दूरचा नातेवाईक हे स्वतः ठरवायचं, मग मेगा सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष काढायचा. साधा लॅपटॉप पुरतो. दिवाळीच्या सुट्टीत यात रात्री जागली तर समजा हेच तिचं क्षेत्र, आणि दोन दिवसांत कंटाळली तरी काही बिघडलं नाही, एमएस्सीचे फॉर्म भरायच्या आधी कळलं.

सायन्स अकॅडमीजची समर फेलोशिप बीएस्सीच्या मुलांनाही मिळते, तिची जाहिरात बघत राहा, आणि आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम या प्रवेश परीक्षेची तयारी याच वर्षी सुरू करू द्या. वंशवृक्ष निघाला की मला पाठवा, तो पाहून कुठे कुठे अर्ज करायचे ते ठरवू.