सिंहस्थातला गुरू, दुर्बिणीतला गुरू

प्रश्न : गुरू सिंह राशीत आला की आमच्या नाशकात सिंहस्थ भरतो. मुलगा म्हणतो, गुरू हा वायूचा गोळा आहे, त्याच्या भ्रमणाला काही अर्थ नाही. मग रामकुंडावर स्नान करणाऱ्या आम्हाला खुळे समजायचे का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : चिरंजीवांच्या विधानाचा पूर्वार्ध बरोबर आहे. गुरू मुख्यतः हायड्रोजन व हेलियमचा बनलेला असून सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे ११.८६ वर्षे लागतात. म्हणून एका राशीत तो साधारण वर्षभर असतो आणि २००३ नंतरचा सिंहस्थ २०१५ मध्ये आला. बारा वर्षांना कमी पडणारा तो अंश मात्र साठत जातो, सात फेऱ्यांत जवळजवळ वर्षाएवढा होतो, आणि मग एखादे पर्व अकराव्या वर्षीच येते. हरिद्वारचा २०१० नंतरचा कुंभ २०२१ मध्ये झाला तो याच हिशेबाने. पंचांगकर्त्यांची नजर आकाशावर पक्की होती, हे मुलालाही मान्य व्हावे.

उत्तरार्ध घाईचा आहे. दुर्बिणीतून गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र दिसले. पण पर्वकाळी माणसाने कोणाचे स्मरण करावे, हे सांगणे तिचे कामच नव्हे. उलट, गुरूच्या किरणांनी पाणी शुद्ध होते असे कोणी म्हणू लागला, तर आम्ही निःसंकोच मुलाच्या बाजूने उभे राहू, कारण गोदावरीच्या पाण्याची शुद्धता प्रयोगशाळेतच ठरते. आपण स्नानाला अवश्य जावे. त्याने सोबत यावे की नाही, हे त्याच्यावर सोपवावे.