एमआरची बॅग आणि लेकीचा कथासंग्रह

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या मराठीत एम. ए. झाली असून, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या मुलींवरचा तिचा पहिला कथासंग्रह लवकरच प्रकाशित होत आहे. आवृत्ती 500 प्रतींची, किंमत 250 रुपये. प्रसिद्धीसाठी एक एजन्सी 60,000 रुपये मागते आहे, आणि स्वतःचे पुस्तक विकत फिरणे जमणार नाही म्हणून कन्या त्याला तयार झाली आहे. हा खर्च करावा का, असे आपण विचारता. आपण 26 वर्षे औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारे प्रतिनिधी, होतात, हे मात्र आपण जाता जाता लिहिले आहे. माझे उत्तर त्या एका ओळीवरच आधारलेले आहे.

आधी हिशेब करू. रॉयल्टी छापील किमतीच्या 10 टक्के धरली, तर पूर्ण आवृत्ती संपल्यावर तिच्या हाती 12,500 रुपये येतील. त्यासाठी 60,000 रुपये मुळीच देऊ नयेत.

राहिला विकण्याचा संकोच. आपण इतक्या वर्षांत डॉक्टरांना औषध विकले नाही; डॉक्टर चिठ्ठी लिहितात, केमिस्ट औषध देतो आणि पैसे रुग्ण मोजतो, म्हणजे एमआर ज्यांच्या दारात तासन्‌तास बसतो ते त्याचे गिऱ्हाईक नसतातच. पुस्तकाचीही अशी चिठ्ठी लिहिणारी माणसे असतात: ग्रंथपाल, प्राध्यापक, सोसायटीत वाचनकट्टा चालवणाऱ्या ताई, आणि अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात ‘नवीन काय आलंय?’ असे विचारताच मागच्या फळीवरून नेमके पुस्तक काढून देणारा विक्रेता. कन्येने भेटायचे आहे ते यांना, आणि तेही निवडून. बालरोगतज्ज्ञांसाठीचे सिरप आपण नेत्रतज्ज्ञांकडे नेले नसेल. तिच्या यादीत समाजकार्य शिकवणारे प्राध्यापक, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि चाकण, भोसरी, पिंपरी भागांतली ग्रंथालये आधी यावीत. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत. त्यांतल्या लहान, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांनाही तिने वगळू नये. 1848 पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरात ती जाईलच, पण या कथांतली माणसे जिथे राहतात तिथून सुरुवात व्हावी असे मला मनापासून वाटते.

मांडीवर बॅग घेऊन दवाखान्यातल्या बाकावर बसायचे, रात्री साडेनऊला शेवटचा रुग्ण बाहेर पडला की आत जायचे आणि मिळालेल्या दोन मिनिटांत औषध कोणत्या रुग्णासाठी आहे एवढे नेमके सांगायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. लेखकांना हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते, कारण ते ‘स्त्रीजीवनाचा वेध’ असे काहीतरी मोघम बोलतात. आपण पत्रात तिच्या एका कथेविषयी लिहिले आहे, की तीन पाळ्यांत काम करणाऱ्या सहा जणी एका खोलीत राहतात आणि तिथली गादी कधी गार होत नाही. तिने एवढेच सांगावे आणि ते पान उघडून समोर ठेवावे. औषधाचे दुष्परिणाम लपवणाऱ्या एमआरवर डॉक्टर पुन्हा विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा हलकेफुलके वाचू इच्छिणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही, हेही तिने मोकळेपणाने सांगावे.

केमिस्टकडे माल पोचल्याखेरीज कॉल, म्हणजे डॉक्टरांची भेट, वाया जातो, हे आपल्याला माहीतच आहे. म्हणून भेटी सुरू करण्याआधी निदान दोन-तीन दुकानांत प्रती आहेत याची प्रकाशकाकडून खात्री करून घ्यावी. आपल्या डेली रिपोर्टसारखी वहीही ठेवावी: कोण भेटले, काय म्हणाले, पुन्हा कधी जायचे. पहिल्या भेटीत चिठ्ठी क्वचितच मिळते.

आपल्या व्यवसायातली महिन्याची टार्गेटे मात्र तिच्यावर लादू नयेत, आणि कुणाला भेटवस्तू देऊन शब्द घेऊ नये. उपजीविकेसाठी मुद्रितशोधन, अनुवाद किंवा अध्यापन यांपैकी काहीतरी तिने सुरू ठेवावे; पहिल्या पुस्तकावर घर चालेल ही अपेक्षा तिच्या लेखनालाच मारक ठरेल.

पहिल्या चार-पाच भेटींना आपण तिच्यासोबत जा, पण जॉइंट वर्कला आलेला जाणता मॅनेजर जसा गप्प राहून आपल्या माणसाला बोलू देतो, तसेच राहा. ती अडखळली तरी मध्ये पडू नका. काय राहिले, ते बाहेर आल्यावर चहा घेताना सांगा.

आपला,
करिअर मार्गदर्शक, पुणे